हृदयात धातूची झडप, आणि लग्नात नथ हवी

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील वगळून):

पत्रलेखिका २६ वर्षांची आहे. लहानपणी वरचेवर घसा धरायचा, ताप यायचा, सांधे सुजायचे. त्या दुखण्याने हृदय धरलं आणि विसाव्या वर्षी ऑपरेशन करून मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) बदलावी लागली. नवी झडप धातूची आहे. तेव्हापासून रोज संध्याकाळी रक्त पातळ करणारी गोळी आणि महिन्याला रक्ताची तपासणी चालू आहे. एरवी तब्येत चांगली आहे, पुण्यात नोकरी आहे, आणि येत्या वैशाखात लग्न ठरलं आहे. सासरच्यांना "लहानपणी हार्टचं ऑपरेशन झालंय, आता ठणठणीत आहे" एवढं सांगितलेलं आहे. होणाऱ्या सासूबाईंची इच्छा अशी की घरातली तीन पिढ्यांची तारेची नथ सुनेने नाक टोचून घालावी. आत्याचं म्हणणं, "आमची नाकं बाभळीच्या काट्याने टोचली, काय झालं आम्हाला?" पत्रलेखिकेच्या स्वतःच्या मनात मात्र दुसरंच आहे. तिला वाढवलेली आजी गेल्या दिवाळीनंतर गेली. आजीच्या हातावर तुळस गोंदलेली होती. तशीच तुळस तिला आपल्या हातावर हवी आहे. घरात टॅटूला कडाडून विरोध आहे: "एवढं मोठं ऑपरेशन झालेल्या मुलीने हे थेर कशाला करायचे?" टॅटूवाल्याने सांगितलं आहे की चार-पाच दिवस गोळी बंद करून या. तिचा प्रश्न: "नाक टोचणं तर साधंच आहे, ते करून घेतेच आहे. पण टॅटूसाठी गोळी चार दिवस बंद ठेवली आणि आधी एखादं अँटिबायोटिक घेतलं तर चालेल ना? आणि घरच्यांना कसं पटवू?"

उत्तर:

बाकी काही वाचायच्या आत एवढं लक्षात घे: गोळी बंद करू नकोस. चार दिवस तर नाहीच, एक दिवसही नाही. त्या गोळीचा डोस वाढवणं, कमी करणं, थांबवणं हे फक्त तुझ्या हृदयरोगतज्ज्ञांनी ठरवायचं. टॅटूवाल्याने नाही, मैत्रिणीने नाही, आणि हे सदर लिहिणाऱ्या बाईनेही नाही.

"रक्त पातळ करणारी गोळी" हे नाव आपल्याकडे रुळलं आहे, पण ते फसवं आहे. त्या गोळीने रक्त पातळ होत नाही, गुठळी धरायला लागणारा वेळ वाढतो. तुझी झडप शरीराच्या दृष्टीने परकी वस्तू आहे, आणि परक्या वस्तूवर रक्त गुठळी धरू पाहतं. त्यातही मायट्रलच्या जागी बसवलेल्या झडपेवर गुठळीचा धोका महाधमनीच्या तोंडाशी बसवलेल्या झडपेपेक्षा जास्त असतो. म्हणून तर तुझा आयएनआर, म्हणजे रक्ताला गुठळी धरायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, साधारण २.५ ते ३.५ च्या दरम्यान ठेवायला सांगतात आणि महिन्याला रक्त काढतात. गोळी सोडलीस आणि गुठळी झडपेच्या बिजागरीत अडकली तर झडप नीट उघडणार नाही. सुटून मेंदूकडे गेली तर पक्षाघात. एखाद्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी ही गोळी थांबवावी लागते, तेव्हा मधल्या दिवसांत डॉक्टर हेपारिनसारखी इंजेक्शनं देऊन ती फट भरून काढतात. टॅटूवाल्याला यातलं काही ठाऊक नसणार, आणि त्याचा दोषही मी काढणार नाही. रक्त जास्त आलं की शाई बाहेर धुतली जाते, रेघ फिसकटते. तो त्याच्या रेघेची काळजी करत होता.

आता मी तुझ्या पत्रात जिथे थबकले ते सांगते. टॅटूपाशी नव्हे. "नाक टोचणं तर साधंच आहे, ते करून घेतेच आहे" या वाक्यापाशी.

तुमच्या घरात दोन सुयांची चर्चा चालली आहे. एक सुई सोनाराची, तिला सगळ्यांचा आशीर्वाद. दुसरी टॅटूवाल्याची, तिला सगळ्यांचा विरोध. आणि विरोधाला कारण दिलं जातंय तुझ्या ऑपरेशनचं. पण तुझ्या झडपेला काय कळणार, कुठली सुई परंपरेची आणि कुठली हौसेची? ऑपरेशन हे कारण खरं असेल तर ते दोन्हींकडे लागू व्हायला हवं. किंबहुना नाकाकडे जास्तच.

का ते जरा सविस्तर सांगते, कारण तुला हे घरात समजावून सांगावं लागणार आहे.

कातडीला भोक पडलं की जिवाणू रक्तात शिरू शकतात. हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं, अगदी जोरात दात घासतानाही थोडेफार शिरतात. निरोगी हृदयात ते वाहून जातात आणि शरीर त्यांचा निकाल लावतं. कृत्रिम झडपेवर मात्र ते चिकटू शकतात, आणि तिथे आपल्याभोवती बुळबुळीत थर तयार करून आत लपून बसतात. या आजाराला एंडोकार्डायटिस म्हणतात. कृत्रिम झडपेवर तो झाला तर शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागतं, तेही साधारण सहा आठवडे. काहींची छाती पुन्हा उघडून झडप पुन्हा बदलावी लागते. आजची औषधं हाताशी असूनही त्यातून सगळे वाचत नाहीत.

हे घडवणाऱ्या जिवाणूंमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस हा मोठा गुन्हेगार. त्याचं आवडतं राहण्याचं ठिकाण कुठलं, माहीत आहे? माणसाच्या नाकपुडीचा आतला भाग. साधारण चारातल्या एका निरोगी माणसाच्या नाकात तो कायमचा वस्तीला असतो, काही त्रास न देता. नाक टोचताना सुई बाहेरच्या कातडीतून आतल्या ओल्या अस्तरापर्यंत आरपार जाते. म्हणजे बाहेरून स्पिरिट कितीही लावलं तरी आतलं दार उघडं राहतं. शिवाय कानाची पाळी सहा-आठ आठवड्यांत भरते, नाकपुडीला दोन ते चार महिने लागतात, कधी त्याहून जास्त. तेवढा काळ ती जखमच. तुझ्या बाबतीत त्या जखमेवर वैशाखाचा घाम येणार, मेकअप येणार, आणि हळदीच्या दिवशी पाच सवाष्णी येऊन तोंडाला हळद फासणार. हळद गुणकारी आहे हे मलाही मान्य, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. आणि तुझा आयएनआर तीनच्या आसपास असताना नाकाच्या आतून रक्त येऊ लागलं तर ते थांबवायला हाताइतकं सोपं जात नाही.

आत्याच्या काट्याबद्दल. आत्या खोटं बोलत नाहीत. बाभळीच्या काट्याने, सुईने, तापवलेल्या तारेने लाखो नाकं टोचली गेली आणि बहुतेक बायकांना पाच-सहा दिवसांच्या ठणक्यापलीकडे काही झालं नाही. पण त्या बायकांच्या हृदयात स्वतःच्या झडपा होत्या. आत्याच्या तरुणपणी तुझ्यासारखं दुखणं झालेल्या किती मुली नाक टोचायच्या वयापर्यंत पोचल्या, हेही एकदा त्यांनाच विचार. खेड्यापाड्यांत "दम लागून गेली" असं ज्यांच्याबद्दल सांगतात, त्यांतल्या कित्येकींचा आजार तुझ्यासारखाच असणार.

हे माझं एकटीचं भित्रेपण नाही. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने एंडोकार्डायटिसबद्दल जी मार्गदर्शक सूत्रं काढली, त्यांत २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये कृत्रिम झडप असलेल्यांना टोचणं आणि गोंदणं या दोन्हींपासून परावृत्त करा असं लिहिलं आहे. ब्रिटनच्या आरोग्यव्यवस्थेच्या २००८ च्या सूचनांमध्येही अशा रुग्णांना टॅटू आणि टोचण्याचे धोके समजावून सांगा असं स्पष्ट म्हटलं आहे. नाक टोचल्यानंतर हृदयाला संसर्ग झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्या ढिगाने नाहीत, हेही सांगायला हवं. शक्यता लहान आहे. पण जे पणाला लागतंय ते लहान नाही.

मग "आधी अँटिबायोटिक घेतलं तर?" हा तुझा प्रश्न हुशारीचा आहे. दाढ काढायच्या आधी तुला एक डोस घ्यायला सांगतात, त्यावरून तुला हे सुचलं असणार. फरक असा की दाढ काढताना जिवाणू रक्तात शिरतात ते प्रामुख्याने त्या थोड्या वेळात, आणि त्या वेळेपुरतं औषध रक्तात असतं. नाकाची जखम महिनोन्‌महिने उघडी राहते, औषधाचा एक डोस काही तासांत निघून जातो. टोचण्याआधी असा डोस घेतल्याने संरक्षण मिळतं याला पुरावा नाही. वर आणखी एक भानगड: बरीच अँटिबायोटिकं तुझ्या गोळीशी भांडतात आणि आयएनआर एकदम चढवतात. त्यामुळे मेडिकलमधून आपल्या मनाने पट्टी आणायची नाही, या कारणासाठीही नाही आणि सर्दी-खोकल्यासाठीही नाही.

दाढेचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. तुझ्या झडपेला टॅटूपेक्षा किडलेल्या दाताची आणि सुजलेल्या हिरड्यांची भीती जास्त आहे, कारण टॅटू एकदा होतो आणि दात रोज असतात. लग्नाआधी पार्लरच्या अपॉइंटमेंट घेशील तेव्हा एक दंतवैद्याचीही घे, आणि झडपेबद्दल त्यांना आधी सांग.

आता नथ. सासूबाईंना नक्की काय हवं आहे, याचा शांतपणे विचार कर. मला वाटतं त्यांना ती नथ तुझ्या चेहऱ्यावर बघायची आहे. त्यांच्या सासूने त्यांना दिली असेल, त्या तुला देणार आहेत. त्यात नाकाला भोक हा त्यांचा हट्ट असण्याचं कारण इतकंच असेल की चापाची नथ म्हणजे खोटी, नाटकातली, असं एक मत आपल्याकडे आहे. पण चांगला सोनार तारेच्या जुन्या नथीला चाप लावून देतो. मोती तेच, घडण तीच. तार कापायची नसेल तर तसं आधी सांगायचं, म्हणजे तो वेगळा जोड करून देईल आणि उद्या कोणाला टोचलेल्या नाकात घालायची झाली तर नथ पुन्हा मूळ रूपात येईल. चाप बेताचा सैल ठेवायला सांग. तुझ्या कातडीवर लवकर काळंनिळं होतं हे तुला माहीतच असेल. घट्ट चाप दिवसभर लावून ठेवलास तर नाकपुडीवर डाग उमटेल, फोटोत तोच दिसेल. विधींपुरती घाल, मग काढून ठेव. बुगडी घालायची असेल तर तीही दाबाची घे. कानाच्या वरच्या कडेला कूर्चा असते, तिथे रक्तपुरवठा कमी, म्हणून तिथला संसर्ग चिवट असतो आणि कान वेडावाकडा करून जातो. बारशाला टोचलेल्या पाळ्यांची मात्र काळजी नको, ती भोकं कधीच भरून पक्की झाली आहेत. फक्त इतके जड झुमके नकोत की पाळी ओरबाडेल.

पण हे सगळं सासूबाईंना पटायला त्यांना खरं कारण कळायला हवं. "लहानपणी ऑपरेशन झालंय, आता ठणठणीत आहे" या वाक्यात त्यांना कारण सापडणार नाही. त्यांनी "मग नाक टोचायला काय हरकत आहे" असं विचारलं तर ते अगदी रास्त आहे. यावर पुन्हा येते.

तुळशीबद्दल लिहिताना माझी लेखणी जरा जड झाली. माझ्या आईच्या कपाळावर आणि हातावरही गोंदण होतं. जत्रेत बसलेल्या गोंदणारणीकडून करून घेतलेलं, दिव्याची काजळी आणि कुठल्यातरी पाल्याचा रस. ती एकच सुई रांगेतल्या किती हातांवरून फिरली असेल, देव जाणे. तरी घरच्यांनी तुझ्या इच्छेला "थेर" म्हणावं हे मला पटलं नाही. आजीच्या हातावर होतं ते गोंदण आणि तुझ्या हातावर येईल तो टॅटू, असा भेद फक्त शब्दांत आहे. तुला फॅशन करायची नाही, आजी जवळ हवी आहे. घरच्यांना पटवायचं असेल तर टॅटूबद्दल बोलण्याआधी त्यांच्याशी आजीबद्दल बोल. कदाचित भांडण तिथेच मऊ होईल.

तरीही माझं मत विचारशील तर आत्ता नको. सुई कातडीच्या दुसऱ्या थरात दीड-दोन मिलिमीटर खोल, मिनिटाला हजारो वेळा जाते. नाकापेक्षा ही जखम बरी म्हणायची, कारण ती बाहेर असते, डोळ्यांसमोर असते आणि वरून दोन ते चार आठवड्यांत भरते. पण तुझ्यासाठी नियम तोच आहे आणि तो मी वाकवणार नाही. निर्णय तुझा. तू सज्ञान आहेस, आणि सहा वर्षं रोज न चुकता गोळी घेणारी मुलगी बेजबाबदार नसते. लग्न झाल्यावर, घाई नसताना, हृदयरोगतज्ज्ञांसमोर हा प्रश्न स्पष्ट मांड. लपवून करून घेणं हा सगळ्यांत वाईट मार्ग, कारण मग ताप आला तर तू तोही लपवशील.

समजा त्यांनी सगळं ऐकून घेऊन परवानगी दिली, तर डिझाइन छोटं ठेव, एका बैठकीत होणारं. छातीवरच्या व्रणावर किंवा त्याच्या आसपास काही करायचं नाही, छातीच्या मध्यावरची कातडी केलॉइड, म्हणजे फुगून वाढत जाणारा व्रण, धरण्यात पटाईत असते. हिपॅटायटिस बीची (रक्तातून पसरणाऱ्या काविळीची) लस पूर्ण झाली आहे का ते पाहा. तीन डोस असतात आणि त्यांना सहा महिने लागतात, म्हणजे तयारी आधीच करावी लागते. हा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तरी तग धरतो, त्यामुळे "आम्ही सुई पुसून घेतो" याला काही अर्थ नाही. सुई तुझ्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे आणि शाई नव्या छोट्या टोपणात ओतली पाहिजे. शाई पातळ करायला नळाचं किंवा बिसलेरीचं पाणी घालताना दिसलं तर सरळ उठून ये. हे मी उगाच घाबरवायला सांगत नाही. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये एकाच ठिकाणी गोंदवून घेतलेल्या १९ जणांच्या कातडीला क्षयाच्या जिवाणूच्या भाऊबंदांपैकी एकाचा संसर्ग झाला होता, आणि तो निघाला होता आधीच पातळ करून विकलेल्या करड्या शाईतून. दुकान अस्वच्छ नव्हतं. लाल शाईची ॲलर्जी सगळ्यांत जास्त दिसते, तुळशीच्या मंजिऱ्या लाल करायचा मोह टाळ. आणि दुखलं म्हणून ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, डायक्लोफिनॅक यांपैकी काही घ्यायचं नाही, तुझ्या गोळीबरोबर ती रक्तस्राव वाढवतात.

आणि परवानगी नाही मिळाली तर? लग्नात हातावर मेंदी काढणार आहेसच. आजीच्या जुन्या फोटोवरून तुळशीचा नमुना उतरवून घे आणि मेंदीवालीला तोच, त्याच जागी काढायला सांग. मेंदी हिरवी, घरी भिजवलेली हवी. पटकन काळीभोर रंगणारी "काळी मेंदी" नको. तिच्यात केसांच्या कलपातलं पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याने फोड येतात आणि कधीकधी कायमचे डाग राहतात. किंवा लग्नाच्या ब्लाउजच्या बाहीवर ती तुळस भरून घे. हे दुधाची तहान ताकावर भागवणं आहे, मला कळतंय.

या पत्राच्या निमित्ताने इतर वाचकांसाठीही थोडं लिहिते, कारण अशी पत्रं अधूनमधून येतात आणि प्रत्येकीला वाटतं आपलं दुखणं वेगळं.

मधुमेह असेल तर टॅटू किंवा टोचणं सरसकट वर्ज्य नाही. साखर आटोक्यात असायला हवी, म्हणजे सकाळी एकदा बोटातून काढलेली नव्हे, तर गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी. ती चढलेली असेल तर जखम रेंगाळते आणि चिघळते, तेव्हा थांबा. पावलं, घोटे आणि नडगी टाळा, तिथे जखमा भरायला वेळ लागतो. इन्सुलिन टोचण्याच्या जागाही सोडा. उपाशीपोटी जाऊ नका. ज्यांच्या अंगावर साध्या खरचटण्याचाही व्रण फुगून वर येतो, किंवा घरात कोणाला केलॉइड आहे, त्यांनी कानाची कड, खांदे आणि छाती विसरून जावी. केलॉइड कापून काढलं तर बऱ्याचदा आधीपेक्षा मोठं होऊन परत येतं. सोरायसिस आणि कोड यांची एक खोड आहे: कातडीला जिथे इजा होते, तिथे नवा चट्टा उमटू शकतो. टॅटू ही इजाच. कोडाचा डाग झाकण्यासाठी गोंदवून घ्यायचं असेल तर ते काम त्वचारोगतज्ज्ञाचं, आणि तेही डाग बराच काळ पसरत नसेल तरच. मूत्रपिंड बदललेले, केमोथेरपी घेणारे, स्टिरॉइड किंवा मेथोट्रेक्सेटसारख्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर असलेले यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुईजवळ जाऊ नये. पेसमेकरवाल्यांनी निदान तो कातडीखाली बसवलेल्या जागेवरची कातडी तरी सोडावी.

आणि यकृताचं दुखणं असलेल्यांसाठी एक वेगळा इशारा, विशेषतः गोव्याला जाऊन किनाऱ्यावर टॅटू काढून घेणाऱ्यांसाठी. अमेरिकेतल्या टेक्सासमधली एक नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली होती. यकृताचा आजार असलेला ३१ वर्षांचा माणूस टॅटू काढल्यानंतर पाचव्या दिवशी मेक्सिकोच्या आखातात पोहला. समुद्राच्या कोमट पाण्यातल्या व्हिब्रिओ जिवाणूने ताज्या टॅटूतून शिरकाव केला आणि उपचार होऊनही तो दगावला. यकृत चांगलं असलं तरी ताजा टॅटू घेऊन समुद्रात, तलावात किंवा नदीत उतरू नये. सहलीच्या शेवटच्या दिवशी काढा, किंवा काढूच नका.

हे वाचून थायरॉईडची गोळी घेणाऱ्या कुणीतरी घाबरून बसेल, म्हणून सांगते: आटोक्यात असलेला थायरॉईड किंवा रक्तदाब एवढ्याने कोणी यादीत येत नाही.

आता पुन्हा तुझ्याकडे. तुझं पत्र चार पानी आहे. त्यात सासूबाई आहेत, आत्या आहे, आई-बाबा, आजी, टॅटूवाला, त्याची ओळख करून देणारी मैत्रीण, सगळे आहेत. ज्याच्याशी लग्न होणार आहे त्याचा एकदाही उल्लेख नाही. त्याला काय माहीत आहे? रात्री खोलीत शांतता झाली की झडपेची टिकटिक ऐकू येते, तुला तिची सवय आहे. त्याला ती पहिल्यांदा लग्नानंतर ऐकू यावी असं नको.

शिवाय एक गोष्ट अशी आहे जी नथीहून आणि तुळशीहून फार मोठी आहे. तू घेतेस त्या प्रकारची गोळी गर्भाला अपाय करू शकते, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यांत. आणि ती नुसती थांबवली तर तुझ्या झडपेला धोका. धातूची झडप असूनही बाळंतपणं होतात, पण ती हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांनी मिळून, दिवस राहण्याच्या आधीपासून आखावी लागतात. "बघू, झालं की बघू" हे तुमच्या दोघांना परवडणारं नाही. हे त्याला लग्नाआधी कळायला हवं, आणि तुझ्या तोंडून कळायला हवं. मग सासूबाईंशी नथीबद्दल बोलायचं काम त्यालाच करू दे. मुलगा आईला "तिला टोचायचं नाही, डॉक्टरांनी मनाई केली आहे" म्हणाला तर विषय दोन मिनिटांत संपतो. सुनेने म्हटलं तर वैशाखापर्यंत चालतो.

तापाबद्दलही त्याला सांगून ठेव. टोचलेलं असो वा नसो, तुला थंडी वाजून ताप आला, किंवा बारीक ताप रेंगाळला, रात्री घाम येऊ लागला, उगाच थकवा वाटू लागला, तर क्रोसिन घेऊन वाट बघायची नाही आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून अँटिबायोटिक सुरू करायचं नाही. आधी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात जिवाणू वाढतात का ते पाहणारी तपासणी, करून घ्यायचं. औषध आधी पोटात गेलं तर कल्चरमध्ये जिवाणू सापडत नाही आणि नेमकं कोणतं औषध द्यायचं ते कळत नाही. पाकिटात एक कार्ड ठेव: झडप कोणती, कधी बसवली, गोळीचं नाव, डॉक्टरांचा फोन.

पुढच्या महिन्याच्या आयएनआरला त्याला बरोबर घेऊन जा. रक्त देऊन झालं की रिपोर्ट यायला वेळ असतो, तेवढ्यात बाहेर चहा पिता पिता सगळं सांगून होईल. तिथून सोनाराकडे.